सोळा पानं इकडची तिकडे

भोंगा झाला की मठात पानं मांडली जात. भोंगा आमचा नव्हे. चिंचवडच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका कारखान्याचा, कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीचा. पण मधली ज्वारीची शेतं ओलांडून तो तळवड्याच्या अलीकडे आमच्या माळापर्यंत स्पष्ट ऐकू येई. मठात भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. भोंग्याबरोबर सकाळपासून फरशीतून पायांना जाणवणारा कारखान्याचा घण थांबे, आणि पुढचा अर्धा तास इतका निवांत असे की सकाळ कधी झाली होती तेही आठवू नये.

चौदा बायका समोरासमोर दोन ओळींत बसत. पुढ्यात पितळी, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. मधल्या मोकळ्या जागेत एका पाटावर वाचणारी आणि तिच्यापुढे ठवणीवर पोथी. पहिला घास उचलला जाई तेव्हा पहिला शब्द वाचला जाई, आणि शेवटचा हात पितळीतून निघेपर्यंत वाचन चाले. मधे कुणी बोलायचं नाही. मीठ हवं असेल तर चिमूट करून दाखवायची, वाढप नको असेल तर पितळीवर पंजा आडवा धरायचा. जे ऐकलं त्यावर नंतरही चर्चा करायची नाही, निदान ती पोथी वाचून संपेपर्यंत तरी नाही. पोटात गेलेलं उकरू नये, एवढंच त्याचं कारण सांगत.

कौलांमधल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली उतरे आणि जेवण चालू असताना हळूहळू एका ओळीकडून दुसऱ्या ओळीकडे सरके. ज्या माईच्या मांडीवर तो येई तिला हटकून पेंग येई. हातातला घास हातातच, डोळे मिटलेले, आणि कानावर पोथीतल्या राणीची गोष्ट. आज इतक्या वर्षांनी मला त्या बायकांचे चेहरे नीट आठवत नाहीत, पण त्यांचे उजवे हात आठवतात. वाचणारीला पानावरून नजर उचलली की हातच दिसायचे.

मी तिथे गेले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझं डोकं कायम तापलेलं असे. वडील पिंपरीत फिटर होते, आम्ही दोन खोल्यांत सात माणसं. मला एका लहान कारखान्याच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी होती आणि नोकरीपेक्षा मोठी एक खोड होती: चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. साहेबांच्या पत्रातली चूक मी बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर वाचून दाखवली, आणि महिनाअखेर घरी बसले. पुढच्या महिन्यात मला बघायला आलेल्या मंडळींनी मुलाची माहिती टाइप करून आणली होती. त्यातही दोन चुका होत्या. त्या मी काढल्या. वडील म्हणाले, हिच्या जिभेला हाड नाही, आणि मला बसमध्ये घालून त्यांच्या थोरल्या बहिणीकडे घेऊन आले. चार महिने राहू दे, डोकं थंड होईल, असं ठरलं होतं. मी तीन वर्षं राहिले.

ती थोरली बहीण म्हणजे माझी आत्या. पण मठात नाती नव्हती. सगळ्या माई, आणि ज्या प्रमुख त्या मोठ्या माई. फाटकाच्या आत आलं की मागचं कुणी विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. त्यामुळे आत्याची हकीकत सगळ्या मठात एकटीला माहीत होती, ती मला. चाकणच्या पलीकडे आमचं गाव. आत्याचं लग्न गावातच झालेलं, आणि तिचा मुलगा माझ्याच वयाचा. सहा वर्षांचा असताना तापात आठ दिवसांत गेला. पुढे नवऱ्यानं दुसरी बायको केली, आणि मी अकरा वर्षांची असताना आत्या हातात एक पिशवी घेऊन या मठात आली. आमच्या घरात त्या मुलाचं नाव कुणी घेत नसे. लहान पोरांनाही ते घ्यायचं नाही हे न सांगता कळलं होतं.

आत्याकडे मठात वाढायचं काम होतं, तेही खास. वाचणारी जेवते सगळ्यात शेवटी, एकटी. तिला एकटं जेवू द्यायचं नाही म्हणून एकीनं तिच्यासमोर बसून तिला वाढायचं, असा रिवाज. हे काम मठात आल्यापासून आत्याचं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा वाचणारीला सांभाळणं हाच तिचा पोथीशी संबंध, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं.

मी गेले त्या वर्षी दुष्काळ होता. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळे, तिच्या भाकरीला चिरा पडत आणि घास घशाखाली उतरायला पाणी लागे. आधीच्या वाचणाऱ्या माईंचा घसा त्याच हिवाळ्यात बसला तो कायमचा, आणि मोठ्या माईंनी मला पाटावर बसवलं. टायपिस्टची नजर बोटांच्या पुढे धावते, त्यामुळे मी अडखळत नसे. पण पहिल्याच दिवशी मी अशी सुसाट सुटले की अर्ध्या पंगतीचा घास तोंडातच राहिला. मोठ्या माईंनी मला नंतर बाजूला घेतलं. पंगतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माईंना दोन दात उरले होते. त्या दोन दातांच्या चालीनं वाच, म्हणाल्या. त्या दिवसापासून मी अक्षरं पानावरची आणि चाल त्या दातांची, असं वाचू लागले. आठवड्याभरात माझा श्वाससुद्धा सावकाश झाला. घरी ज्यांनी मला पाहिलं होतं त्यांना हे खरं वाटलं नसतं.

पोथी म्हणजे नाव पोथीचं, पण होतं ते छापील, शिवलेलं पुस्तक. मठ स्थापन करणाऱ्या पहिल्या माईंनी लिहिलेली एका राणीची गोष्ट. राणीचं राज्य, तिचा एकुलता मुलगा, त्याचा मृत्यू, मग राणीनं सगळं सोडून चालू लागणं, आणि चालता चालता तिला भेटलेली माणसं. दिवाळीनंतर ती लावायची, रोज दोन पृष्ठं, गुढीपाडव्याच्या आसपास संपायची. मठाकडे तिची एकच प्रत होती. बाकीच्या, आत्या मठात आली त्या वर्षी, पुण्यात पुराच्या पाण्यात गेल्या, आणि ही एक भिजून परत आली तेव्हा मठाच्या कौलांवर वाळवून चिंचवडच्या कुणा पुस्तकं बांधणाऱ्यानं पुन्हा शिवून दिली होती. पानांना अजून चिखलाचा मंद वास होता. उन्हाचा पट्टा पानावर आला की तो वास जरा वाढे.

माझ्या पहिल्या वर्षी पृष्ठ एकशे बारा संपलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं तर पुढे एकशे एकोणतीस. वाक्य जुळेना. एकशे बारावर राजपुत्राचं बारसं चाललेलं, आणि पुढे एकदम त्याला ताप भरलेला. मी क्षणभर थांबले. चौदा हात शांतपणे जेवत होते, कुणाला काही खटकलेलं दिसेना. मी वाचत राहिले. आठ दिवस राजपुत्र तापानं फणफणत होता आणि आठव्या दिवशी, एकशे चव्वेचाळीसाव्या पृष्ठावर, तो गेला. समोरच्या पानावर पाहिलं तर पुढे एकशे तेरा. दुसऱ्या दिवशी मी तिथूनच सुरुवात केली. राजपुत्र वाड्याच्या चौकात भोवरा फिरवतोय आणि आईकडे गूळ-शेंगदाणे मागतोय. आठ दिवस तो खेळला, पडला, रुसला, घोड्याच्या पागेत लपून बसला. मग एकशे पंचेचाळीसावर राणी काठी घेऊन रस्त्याला लागलेली.

माझ्या लगेच लक्षात आलं. छापील कागदाची सोळा पृष्ठांची एक घडी, म्हणजे एक फर्मा, बांधणाऱ्यानं पुढचा मागे शिवला होता. आधी मुलगा मेला होता, मग खेळत होता, आणि बारा हिवाळे जेवता जेवता हे ऐकून एकीनं हूं की चूं केलं नव्हतं. आणखी एक गोष्ट मी पाहिली, पण तिच्याकडे लक्ष दिलं नाही. एरवी अर्ध्या भाकरीवर पंजा आडवा धरणारी आत्या त्या खेळण्याच्या आठ दिवसांत दुसरी भाकरी मागून घेत होती, त्या चिरा पडलेल्या मिलोचीसुद्धा. तिला भूक लागली असेल, असं मला वाटलं.

पोथी संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून मी जीभ चावून बसले. पाडवा झाल्यावर मोठ्या माईंकडे गेले आणि पृष्ठांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिले. मग त्या हसायला लागल्या. बारा हिवाळे त्या ही खेळण्याची आठ दिवसांची वाचनं राणीचं स्वप्न समजत आल्या होत्या, आणि स्वप्न इतकं लांबवल्याबद्दल लिहिणाऱ्या माईंचं मनातल्या मनात कौतुकही करत होत्या. इतर कुणाला काय वाटत होतं कुणास ठाऊक. कुणी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला पोथी दुरुस्त करून आणायला परवानगी दिली.

मी ती चिंचवड गावात एका बांधणाऱ्याकडे नेली आणि त्यानं शिवण उसवून फर्मे लावेपर्यंत त्याच्या ओट्यावरून हलले नाही. आकडा आकड्याला लागत गेला. परत येताना बसमध्ये पोथी मांडीवर घेऊन मी इतकी सुखात होते की दोनदा हसू आलं. साहेबांनी काढलं, घरच्यांनी बाहेर पाठवलं, पण माझ्या खोडीचा कुठे तरी उपयोग झाला होता.

पुढच्या दिवाळीनंतर पोथी लागली. एकशे बारानंतर एकशे तेरा आलं आणि राजपुत्र भोवरा फिरवू लागला. आत्याचा हात पितळीत थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहुणा ठरल्या दिवसाच्या आधीच दारात उभा राहावा आणि घरात काही तयारी नसावी, तसं तिचं तोंड झालं होतं. ते आठ दिवस ती गोंधळलेलीच राहिली. मग ताप आला, आठ दिवस चालला, राजपुत्र गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या भोंग्याच्या आधी पंगतीत येऊन बसली होती. भोंगा झाला, घण थांबला, आणि वाढायला सुरुवात होताच तिनं दोन भाकरी घेतल्या. मी एकशे पंचेचाळीसावं पृष्ठ उघडलं आणि राणीला रस्त्याला लावलं. आत्यानं शेवटपर्यंत वाट पाहिली. दोन्ही भाकरी तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लवकर आली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सगळ्यांत शेवटी आली आणि अर्ध्याऐवजी चतकोर भाकरीवरच पंजा धरला. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

आठवडाभर असं चाललं. ती वाळत चालली होती आणि मला समोर बसून वाढत होती. वाढताना बोलायचं नाही हा नियम तिनं माझ्याबाबतीतही एकदासुद्धा मोडला नव्हता. भावाची मुलगी समोर बसली आहे हे तिच्या डोळ्यांतही कधी दिसलं नव्हतं. त्या दुपारी घण पुन्हा सुरू झाला होता, बाकीच्या उठून गेल्या होत्या, आणि आमटीची पळी हातात धरून ती म्हणाली,

"औंदा त्यो आला न्हाई."

मी विचारलं, कोण. ती म्हणाली, राणीचं पोरगं.

आणि मी काय करावं? मी तिला समजावून सांगितलं. पानं इकडची तिकडे झाली होती, ती चूक होती, मी ती नीट केली. सांगताना मला जराशी ऐटसुद्धा वाटत होती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"येडी न्हाई मी," ती म्हणाली. "मेला त्ये समजलं की मला. पैल्या साली त्यो मेला तवा मी पिशवी भरली हुती, पळून जानार हुते हितनं. म्हनलं, हे ऐकायला आले व्हय मी. दुसऱ्या दिशी जेवून जावं म्हनून बसले, तर त्यो भवरा फिरवीत आला. आठ दिस ऱ्हायला. दर साली येतो. मेल्यावर येतो."

तिनं पळी भांड्यात ठेवली. मोठ्या माईंना माहीत नव्हतं, बाकीच्या बाराजणींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी आत्याच्या त्या पोराबरोबर खेळले होते, आणि आकडे जुळवताना तो माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता मागची पानं उलटली आणि एकशे तेरा वाचायला घेतलं. राणी एका नदीच्या उतारावर पोचली होती, तिला तिथेच सोडलं. चौदा हात थांबले. मोठ्या माईंनी माझ्याकडे बघितलं आणि थोड्या वेळानं पुन्हा घास घेतला, मग सगळ्यांनी घेतला. मी दोन दातांच्या चालीपेक्षाही सावकाश वाचलं. भोवरा, चौक, गूळ-शेंगदाणे, सगळं. ऊन आत्याच्या मांडीवर आलं होतं. ती फरशीकडे बघत होती.

सगळ्या उठल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली, वाढलं, आणि म्हणाली, "उद्या ते नको वाचूस."

मी म्हटलं, मी रोज वाचीन, मोठ्या माई काय म्हणायच्या त्या म्हणू देत.

"तसं न्हवं, पोरी. ह्याला तू आनलास. त्यो आपला आपन येत हुता."

संध्याकाळी मोठ्या माईंनी बोलावून कारण विचारलं. कारण सांगायचं तर आत्याची फाटकाबाहेरची गोष्ट सांगावी लागली असती. मी म्हटलं, चुकले. हा शब्द मी त्याआधी कुणापुढे उच्चारल्याचं मला आठवत नाही. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी राणीला नदीच्या उतारावरून पुढे नेलं.

आत्या चतकोर भाकरीवरच राहिली. माघ संपत आला. मी वाचे, हात बघे, आणि एक हात सगळ्यांच्या आधी पितळीतून निघे. रोज वाटे, आज काही तरी बोलावं, आणि बोलायला गेले की माझ्याजवळ फक्त बरोबर काय होतं तेवढंच असे.

मग एका दुपारी तीच बोलली. पळीनं आमटी ढवळत, माझ्याकडे न बघता.

"तुला सय हाय का त्याची?"

मला एकच गोष्ट आठवत होती. आत्याच्या घरामागची चिंच. तो वर फांदीवर बसलेला, दोन्ही खिसे चिंचांनी फुगलेले, आणि मी खाली हात पसरून रडतेय. त्यानं एक चिंच दिली नाही. वरून चिंचोके मारले, नेम धरून, आणि एक माझ्या कपाळाला लागला. मी ते तसंच्या तसं सांगितलं. आत्या हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

मग तिनं पदर खाली घेतला.

"पुढं?"

पुढं काही नव्हतं. मी पाच-सहा वर्षांची होते. तिथे माझी आठवण संपत होती. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या पितळीच्या कडेला अर्धी भाकरी पडली होती, तिचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला होता, आणि तो चघळत ती थांबली होती.

मी सांगितलं, मग तो खाली उतरला. माझ्याजवळ आला. खिशातली सगळ्यात मोठी चिंच काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली.

आमच्या अख्ख्या घराण्यात त्याच्याइतकं कंजूष पोर झालं नाही. हे मला माहीत होतं, आणि तिला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. ती तुकडा चघळत राहिली.

"दिली आसंल," ती म्हणाली.

मग आणखी एक तुकडा मोडून घेऊन तिनं पुन्हा विचारलं, "पुढं?" आणि मी हातातला घास खाली ठेवून पुढे सांगू लागले.